मर्क्सला सहावी टूर का मिळाली नाही?

ताम्हिणीचा_वारा:
मंडळी, आमच्याकडे दर जुलैला सासरे आणि मी टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बघायला बसतो. यंदाही स्लोव्हेनियाच्या पोगाचारने घाटात सगळ्यांना मागे टाकलं आणि मी "आजवरचा सर्वात भारी" असं बोलून गेलो. सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "एडी मर्क्सच्या नखाची सर आहे का याला?" झालं, जेवण होईपर्यंत तेच.
रात्री या जुन्या बेल्जियन सायकलपटूचे आकडे काढले तर सासरे अगदीच हवेत बोलत नव्हते. टूर 5 (1969 ते 72 आणि 74), जिरो (इटलीची टूर) 5, मिलान–सान रेमो (एका दिवसाची शर्यत) 7, व्यावसायिकांचं जागतिक अजिंक्यपद 3 वेळा. पाचवी टूर जिंकली तेव्हा वय फक्त 29. मग सहावी का नाही? 1975 ला बेर्नार तेव्हनेने हरवलं, एवढंच कळलं. नेमकं झालं काय?

घंटी_वाजव:
प्रेक्षकाने पोटात गुद्दा घातला. विषय संपला.

अण्णा_ब्रसेल्सकर:
घंटीराव, इतक्यात संपवू नका. 😀
मी मूळचा कराडचा, गेली 11 वर्षं ब्रसेल्समध्ये. इथल्या मेट्रोच्या 5 नंबर मार्गावर चक्क 'एडी मर्क्स' नावाचं स्टेशन आहे. तिथे काचेआड त्याची केशरी सायकल ठेवलीय. ऑक्टोबर 1972 मध्ये मेक्सिको सिटीला तिच्यावर त्याने तासाभरात 49.431 किलोमीटर काटले. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिची सीट बघत उभा राहिलो आणि माझी गाडी सुटली. सीटच का, ते पुढे सांगतो.

आधी गुद्दा. 1975, पुई द दोमची चढण. मर्क्स पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर, तेव्हने थोडा पुढे निसटलेला, शिखर जवळ आलेलं. गर्दीतून एकाने कमरेजवळ ठोसा हाणला. तरीही त्या दिवशी जर्सी गेली नाही, 58 सेकंदांची आघाडी उरली.

जर्सी गेली ती त्यानंतरच्या टप्प्यात, नीस ते प्रा-लू. आलोसचा घाट मर्क्सने सगळ्यांच्या आधी ओलांडला आणि उतारावर जिवावर उदार होऊन सायकल सोडली. तो उतार असा की बियांकी संघाची मोटार दरीत गेली. आता सहावी टूर याचीच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. आणि शेवटच्या चढणीवर पायांतला जीवच गेला. तेव्हने आणि इटलीचा जिमोंडी, दोघेही पुढे गेले. शेवटी मर्क्स जवळजवळ दोन मिनिटं मागे, पाचवा. त्यानंतर पिवळी जर्सी त्याच्या अंगावर कधीच आली नाही.

पण माझ्या मते तो प्रा-लूला हरला नाही, सहा वर्षं आधी फ्रान्समधल्या ब्लूआ गावी हरला. सप्टेंबर 1969, पहिली टूर जिंकून दोन महिनेही झाले नव्हते. ट्रॅकवर मोटारसायकलच्या मागे सायकल पळवायची शर्यत होती. टक्कर झाली. पुढे मोटारसायकल चालवणारा फेर्नां वाम्ब्स्ट जागीच गेला, मर्क्स बेशुद्ध. मणक्याला इजा, कंबरेचं हाड सरकलेलं. घाट चढताना मी पुन्हा पहिल्यासारखा झालो नाही, हे तो स्वतःच सांगत आलाय. तेव्हापासून त्याला सीटची उंची कधी पटेचना. खिशात अ‍ॅलन की (सीटचा बोल्ट फिरवायची चावी) ठेवायचा आणि शर्यतीतच सीट वर-खाली करायचा. चारचौघांसारखा दुखणाऱ्या कमरेचा माणूस. मी काचेआडची सीट बघत होतो ती यासाठी.

म्हणजे बघा, पाचपैकी चार टूर त्याने मोडक्या कमरेने मारल्यात. 1974 ला तर टूरच्या काही दिवस आधी बैठकीच्या जागी शस्त्रक्रिया झालेली.

रानवाटा:
अण्णा, कंबर मान्य. पण सहावी टूर 1975 ला शोधायची कशाला? 1973 ला शोधा. त्या वर्षी गडी टूरला गेलाच नाही! व्हुएल्टा (स्पेनची टूर) आणि जिरो दोन्ही मारल्या आणि टूर सोडून दिली. लुईस ओकान्याने उचलली.

अण्णा_ब्रसेल्सकर:
रानवाटाताई, हा मुद्दा बिनतोड. फक्त त्या वर्षी ओकान्याने दुसऱ्याला 15 मिनिटांच्या वर मागे टाकलं होतं, आणि तो दुसरा म्हणजे आपला तेव्हनेच. मर्क्स असता तर काय झालं असतं यावर इथल्या बारमध्ये म्हातारे अजून हातघाईवर येतात.

ताम्हिणीचा_वारा:
वा अण्णा! आणखी एक. 1975 ला पुढे गालाचं हाड मोडलं म्हणे, तरी शर्यत का सोडली नाही?

अण्णा_ब्रसेल्सकर:
हो, प्रा-लूनंतरच्या एका टप्प्यात, त्या दिवसाची शर्यत नीट सुरू व्हायच्या आधीच एका डॅनिश सायकलपटूशी धडक झाली. डॉक्टर म्हणाले घरी जा. हा चावता येत नाही म्हणून पातळ खाऊन पॅरिसपर्यंत आला, दुसरा, 2 मिनिटं 47 सेकंदांनी. संघाच्या बक्षिसाचे पैसे बुडू नयेत हे एक कारण. नंतर स्वतःच म्हणाला की थांबायला हवं होतं, त्यानेच कारकीर्द लवकर आटोपली. 1976 ला सातवी सान रेमो, मग उतरण, 1978 च्या मे महिन्यात निवृत्ती.
खरं सांगू, सोडून देणं त्याला जमतच नव्हतं. 1969 च्या टूरमध्ये आठ मिनिटांची आघाडी होती. तुर्माले घाटावर त्याचाच साथीदार व्हान डेन बोस माथ्यावर पहिला पोचण्यासाठी पुढे निघाला. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात जाणार होता. मर्क्सने त्याला माथ्यावर मागे टाकलं, तसाच सुटला, आणि पुढचे 140 किलोमीटर एकटा. टप्पा संपला त्या मूरेंसला दुसरा गडी यायला जवळजवळ आठ मिनिटं लागली. मला हे कौतुकाचं वाटतं, आणि थोडं वाईटही वाटतं.

घंटी_वाजव:
गुद्दा मागे घेतो.

ताम्हिणीचा_वारा:
सासऱ्यांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पोगाचारचा विषयच निघाला नाही. तुर्मालेपाशी म्हणाले, "त्या पोराला एक घाट घेऊ द्यायचा होता." आणि आता गॅलरीत अ‍ॅलन की शोधतायत. त्यांच्या सायकलची सीट म्हणे 1998 पासून चुकीच्या उंचीवर आहे.