१९७७ चा आनंद फसवा होता का?

उरमोडी

परवा एका लग्नाच्या पंगतीत आतेभाऊ सहज म्हणाला, "सत्याहत्तरला लोक वेड्यासारखे नाचले आणि अडीच वर्षांत तोंडावर आपटले." सगळे हसले. माझा घास घशातच अडकला. घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

मी तेव्हा दहा वर्षांची होते, साताऱ्यात. आणीबाणीत वडील मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय तुरुंगात ठेवायच्या कायद्याखाली, स्थानबद्ध, एकोणीस महिने आत. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडिलांना नेलं त्या दिवसापासून वाड्यातली माणसं आमच्याशी बोलेनाशी झाली. ती माणसं वाईट नव्हती. समोरच्या काकूंचे यजमान सरकारी नोकरीत. आपल्यावरही बालंट येईल या धास्तीने नळावर आई दिसली की काकू अर्धा भरलेला हंडा उचलून निघून जायच्या. वडिलांच्या पत्रांत ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या असत. मी तो कागद खिडकीशी धरून खालची अक्षरं लागतात का बघायचे.

जानेवारीत निवडणूक जाहीर झाली, फेब्रुवारीत वडील सुटून आले. २० मार्चला, रविवारी, मोजणी सुरू झाली. पाडवा त्याच्या आगेमागेच होता. सोमवारी सकाळी ट्रान्झिस्टरवर ऐकलं की रायबरेलीत इंदिराबाई राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांवर मतांनी पडल्या. वडील काहीच बोलले नाहीत, नुसते ट्रान्झिस्टरच्या अंगावरून हात फिरवत बसले. थोड्या वेळाने दारात काकू. हातात श्रीखंडाची वाटी. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं त्यांना धाडस होईना. आईने हात धरून आत घेतलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रिकामी वाटी परत द्यायची नाही, म्हणून आईने तिच्यात साखर घालून दिली.

आता लक्षात घ्या, आमच्या साताऱ्यात यशवंतराव चव्हाणच निवडून आले होते. आमच्या घरातली मतं वायाच गेली होती. तरी आमच्या घरात तो आनंद होता. म्हणजे तो जिंकलेल्या जनता पक्षाचा आनंद नव्हताच. लोकांनी मत देऊन सरकार घालवलं आणि सरकार गेलं, हे स्वातंत्र्यानंतर दिल्लीत पहिल्यांदा घडलं होतं. पुढे जनता पक्ष फुटला म्हणून त्या सकाळी आम्ही फसलो होतो, हे मला मान्य नाही.

तळटीप

उरमोडीताई, तुमच्या आईवडिलांनी सोसलं त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण विरोध नोंदवतो, कारण तुमचे आतेभाऊ बोलले त्यात तथ्य आहे.

निवडणुकीचा आनंद हा आगाऊ दिलेला विश्वास असतो. त्याचा हिशेब मागायचा की नाही? जनता पक्ष २९५, काँग्रेस १५४, एवढा मोठा कौल. पंतप्रधान कोण, हे मात्र नव्या खासदारांनी मतदान करून ठरवलं नाही, जयप्रकाश आणि आचार्य कृपलानी यांच्यावर सोपवलं. ८१ वर्षांचे मोरारजी, बाजूला चरणसिंग आणि जगजीवनराम, तिघांची तोंडं तीन दिशांना. एप्रिल संपता संपता नऊ राज्यांतल्या काँग्रेसच्या विधानसभा बरखास्त केल्या. हुकूमशाहीविरुद्ध निवडून आलेल्यांनी पहिल्या दोन महिन्यांत हे केलं, आणि आनंदात असलेल्या किती लोकांनी त्यांना जाब विचारला? ऑक्टोबरात इंदिराबाईंना अटक केली, दुसऱ्याच दिवशी सोडावं लागलं. सूडाची घाई इतकी, की त्यांना सहानुभूती आपल्याच हातांनी मिळवून दिली. जुलै १९७९ मध्ये सरकार पडलं, जानेवारी १९८० मध्ये काँग्रेस ३५३ जागा घेऊन परत आली.

आणि देशाने कौल दिला म्हणतो तेव्हा दक्षिण विसरतो. आंध्रात काँग्रेसला ४२ पैकी ४१ जागा मिळाल्या. महाराष्ट्रातसुद्धा ४८ पैकी २० घेऊन तोच सर्वांत मोठा पक्ष होता.

भुसावळकर

तळटीप, आकडे बरोबर आहेत. पण ते सरकार फक्त भांडलं आणि पडलं असं नाही हो.

मे १९७४ चा रेल्वे संप आठवतो का? त्यात काढून टाकलेल्यांना जनता सरकारने परत कामावर घेतलं. रेल्वेमंत्री आपल्या राजापूरचे मधू दंडवते. माझे वडील त्या परत आलेल्यांपैकी. तीन वर्षं त्यांनी बाजारात लिंबं विकली. घरात निळा डगला पेटीत घडी करून ठेवलेला होता. परत रुजू व्हायच्या आदल्या रात्री आईने तो काढला तर बगलेत कसर लागलेली. चिमणीच्या उजेडात ती रफू करत बसली आणि वडील तिच्यासमोर मांडी घालून, सुईत दोरा ओवून देत. मी शाळकरी पोर होतो, पण वडिलांना गुणगुणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम बसवायला सुरुवात झाली तीही दंडवत्यांच्याच काळात. रात्रभर फळकुटावर पाठ टेकून मुंबई गाठलेल्या माणसाला विचारा, ही गोष्ट लहान आहे का.

दुधना_काठ

मला दोघांनाही विचारायचं आहे, हा आनंद कोणाच्या घरातला?

मी मराठवाड्यातली, दलित वस्तीत वाढले. आमच्या आजीला सत्याहत्तरचं विचारलं तर ती म्हणायची, आमच्या वस्तीत कोणी पेढे वाटले नाहीत. आणीबाणीत तिने दोन गोष्टी ऐकल्या होत्या: वेठबिगारी बंद, आणि सावकाराच्या कर्जातून सुटका. इंदिराबाईंच्या वीस कलमी कार्यक्रमातलं किती खरं उतरलं हा वाद करता येईल, पण आपलं नाव कोणीतरी घेतलं एवढं तिला कळलं होतं. नवं सरकार येऊन जेमतेम दोन महिने झाले तोच बिहारात बेलछीला दलितांना जाळून मारलं. जगजीवनराम पंतप्रधान होतील अशी आशा आमच्या लोकांना होती, तीही फुकट गेली.

मग १९७८. महाराष्ट्रात पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार, जनता पक्ष त्यात. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आमच्या भागात घरं पेटली. आजीचं घर गेलं. ती आम्हाला घेऊन दोन रात्री ज्वारीच्या रानात बसली होती. ठराव तसाच पडून राहिला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. लोकशाही परत आली म्हणता, ती आमच्या वस्तीपर्यंत का आली नाही?

उरमोडी

दुधना, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. नामांतराच्या वेळी मी अकरा वर्षांची होते आणि आमच्या घरात त्याबद्दल काय बोलणं झालं हे आठवायचा प्रयत्न केला. काही आठवत नाही. बहुधा बोलणं झालंच नाही. एकोणीस महिने ज्यांच्याशी कोणी बोललं नाही, त्या घरानेही तुमच्या घरांबद्दल तोंड उघडलं नाही. हे मला आज लागलं.

एक मात्र मांडते. आणीबाणी गरिबाला बरी गेली असंही नाही. सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा झोपडपट्टीवर आणि खेड्यावरच फिरला. तशा सक्तीचं विधेयक १९७६ मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. उत्तरेत काँग्रेस भुईसपाट झाली ती याच रागाने.

तळटीप, हिशेब मागताय तर जमेची बाजूही लिहा. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की आणीबाणीत स्थानबद्ध माणूस जगण्याच्या हक्कासाठीही कोर्टात दाद मागू शकत नाही. माझ्या वडिलांना उद्या काही झालं तर विचारायची सोय नव्हती. ४४ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली: जगण्याच्या हक्काचं एकविसावं कलम आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही, आणि 'अंतर्गत अशांतता' एवढ्या मोघम कारणावर आणीबाणी लादता येत नाही, 'सशस्त्र उठाव' लागतो. हे भांडकुदळ सरकारनेच केलं.

तळटीप

घटनादुरुस्तीचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. तरी माझं मूळ म्हणणं सोडत नाही. ज्यांनी निकालाच्या रात्री गुलाल उधळला त्यांनीच पुढच्या दिवसापासून पहारा द्यायला हवा होता. दुधना यांच्या आजीचं घर जळालं तेव्हा तो गुलाल खेळलेली माणसं रस्त्यावर यायला हवी होती.

दुधना_काठ

काही आली होती, तेवढं खरं सांगते. समाजवादी मंडळी, युवक क्रांती दलाची पोरं छावण्यांत येऊन राहिली. नामांतराच्या बाजूने बोलले म्हणून आपल्याच गावात शिव्या खाल्ल्या त्यांनी. संख्येने थोडी होती.

उरमोडी, तुम्ही लिहिलंत ते पोचलं. एक विचारते. १९८० ला तुमच्या वाड्यात काय झालं? त्या काकूंनी परत हंडा उचलला का?

उरमोडी

नाही. जानेवारी १९८० ला काकूंच्या यजमानांनी काँग्रेसला मत दिलं आणि नळावर सगळ्यांना तसं सांगितलंही. कांदा महाग झाला होता, त्यावरून ते जनता सरकारला वाटेल ते बोलत. निकाल लागला त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन आमच्याकडे आले. वडिलांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही, हातात धरूनच वाद घालत राहिले. ओट्यावर दोघांचे आवाज इतके चढले की वरच्या मजल्यावरचे आजोबा कठड्यावर येऊन ओरडले. आई आणि काकू आत भाजी निवडत होत्या. साडेअकराला आई बाहेर आली, वडिलांच्या हातातला चुरा झालेला पेढा काढून घेतला आणि म्हणाली, "उद्या शाळा आहे माझी, आता बास."