स्वस्त, सरमिसळ वस्तीत राहायला जा म्हणणाऱ्यांना

भाडेकरू: "हप्त्यांत अडकू नका, शहरातल्या स्वस्त, सगळ्या तऱ्हेच्या लोकांच्या वस्तीत जा, माणूस तिथे घडतो," असा सल्ला वाचला आणि डोकं तापलं. मी तशा वस्तीत वाढलोय. पाच-सहा भाषा कानावर पडल्या, खरंय. पण भाडं कमी का होतं? गटार तुंबलेलं, कचरा दिवसेंदिवस पडून, रात्री रस्त्यावर दिवा नाही. हौसेने येणारे कंटाळले की निघून जातात. आम्हाला जायला जागा नव्हती.

निशिगंध: असहमत. भाडं कमी असायला जुनी इमारत, लिफ्ट नसणं, लहान खोल्या एवढंही पुरतं. शिवाय "तसले" शेजारी नकोत म्हणून लोक टाळतात, त्यानेही भाव पडतात. बाळंतपणानंतर मी नोकरीवर परतले ती समोरच्या दारातल्या बाईंच्या भरवशावर. सुरुवातीला आम्ही खुणांनीच बोलायचो.

कोपऱ्यावरचा: अनुभव ठेवा बाजूला, मुलांचं बोला. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात जायला मदत दिली. जी मुलं तेराव्या वर्षाआधी तिकडे गेली, त्यांची विशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. वस्तीने फरक पडतो.

निशिगंध: ते प्रयोगातले लोक दाट गरिबीतून बाहेर पडत होते. सरमिसळ वस्ती वेगळी. आणि मोठ्या वयात गेलेल्या मुलांना फायदा दिसला नाही, ते का गाळलंत?

कोपऱ्यावरचा: बरं, गाळलं. तुमची मुलं त्याच वस्तीतल्या शाळेत जातात का?

निशिगंध: नाही. त्याचा इथे काय संबंध?

भाडेकरू: सगळा संबंध तिथेच आहे! शेजार चालतो, वर्ग चालत नाही. आमच्या वर्गाला वर्षभर गणिताचे शिक्षक नव्हते. जाब विचारायला कोण जाणार, आईवडील पाळीवर. तुमच्यासारखे चार पालक असते तर जागा भरली असती.

तिसरा मजला: माझी मुलगी जाते तिथल्याच शाळेत. जाब विचारतो, अर्ज देतो, वर्ष निघून जातं. मुलीचं वर्ष थांबत नाही हो. निशिगंध यांना दोष देणं सोपं आहे.

वाटसरू: अवांतर पुरे. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्येच दाखवलं की शेजारी थोडे तरी आपल्यातले असावेत एवढीच इच्छा असली तरी वस्त्या वेगळ्या पडत जातात. तसं होऊ नये म्हणून सिंगापूरने १९८९ पासून सरकारी घरांच्या इमारतींत एका वंशाची किती कुटुंबं असावीत याला मर्यादा घातली. सरमिसळ टिकवावी लागते.

भाडेकरू: मर्यादा गाठली की घर विकायला गिऱ्हाईक कमी मिळतं, तेही सांगा. शिवाय हे घरमालकांचं झालं. पगारदार लोक आले की भाडं चढतं आणि जुना भाडेकरू बाहेर, त्याला कुठली मर्यादा वाचवते?

निशिगंध: भाडं चढतं, मान्य. आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब त्यापायीच गेलं. पण शाळेचा जाब माझ्याकडे मागू नका, शाळा चालवणाऱ्यांकडे मागा.

भाडेकरू: मागतोच आहे. तुम्ही सोबत या.