वरचं अन्न सुरू झालं की आई मोकळी?

'सहा महिने झाले, बाळ जेवायला लागलं, आता आई मोकळी,' असं एकांनी म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. उलट काम तिथून वाढतं, फक्त ते कुणाला दिसत नाही.

साधं नाचणीचं सत्त्व घ्या. नाचणी धुवून आठ-दहा तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळून सुती फडक्यात बांधायची, मोड यायला एक-दीड दिवस. उन्हाळ्यात फडकं वाळलं तर मोड अर्धवट येतात. पावसाळ्यात पाणी राहिलं तर नाचणी बुळबुळीत होते, आंबूस वास येतो, मग सगळी टाकावी लागते. पुढे वाळवणं, मंद आचेवर भाजणं, दळणं, वस्त्रगाळ करणं. शिजवताना पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. आणि लापशी पातळ नको! पोट भरतं, पण ऊर्जा मिळत नाही. चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळणार नाही इतकी दाट हवी.

हे भरवणं दिवसातून 2-3 वेळा, नवव्या महिन्यापासून 3-4 वेळा, शिवाय अंगावरचं दूध चालूच. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मध तर मुळीच नको (बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो). चाटवायला आलेल्या प्रत्येकाला हे समजावणंही आईवरच येतं.

भिजवणं, दळून आणणं, वाटी-चमचे उकळणं बाबांनी पूर्णपणे आपल्याकडे घ्यावं, आठवण करून द्यायची वेळ न आणता.