शैली शब्दांच्या खाली असते

काही जण म्हणतात की लेखकाची शैली म्हणजे शब्दकळा, म्हणजे त्यानं निवडलेले शब्द, आणि अहिराणी शब्द पेरले की लेखन खानदेशी होतं. मला हे अजिबात पटत नाही. वाक्य किती लांब, काय पुन्हा पुन्हा येतं आणि मुख्य म्हणजे लेखक कोणाशी बोलतोय, हे आधी पाहावं. साने गुरुजी मूळचे कोकणातले, पण अमळनेरला शिक्षक होते आणि छात्रालयातली मुलं सांभाळत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ची प्रकरणं म्हणजे एकेक रात्र, समोर ऐकणारे बसलेले. ती छोटी वाक्यं, ते मध्येच हाक मारणं, सगळं त्या ऐकणाऱ्यांसाठी आहे.

भुसावळच्या आमच्या वाचनगटात आम्ही उतारा मोठ्यानं वाचतो आणि श्वास घेतला की पेन्सिलीनं रेघ मारतो. गुरुजींच्या पानावर रेघा दाट पडल्या. मग गटातल्या एका मावशींनी तोच उतारा अहिराणीत सांगितला. शब्द जवळजवळ सगळे बदलले, पण रेघा बहुतेक होत्या तिथंच आल्या. तुमच्या आवडत्या लेखकाचं एक पान असं वाचून बघाच.