अँटिव्हायरसमुळे मशीन रखडतं म्हणून फोल्डर वगळावेत का? माझं मत: हो, पण मोजून

बाइटखोर
बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) चालू असताना, हजारो बारक्या फाइलींचं पॅकेज उतरवताना किंवा व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) सुरू असताना टास्क मॅनेजर उघडला की सगळ्यात वर अँटिव्हायरसच बसलेला दिसतो. त्यावर "बंद करून टाका" म्हणणारे बेफिकीर, आणि "एकही फोल्डर तपासणीतून वगळायचा नाही" म्हणणाऱ्यांनी कधी मोठा प्रोजेक्ट कंपाइल केलेला नसतो.

रिअल-टाइम स्कॅन (काम चालू असतानाच होणारी तपासणी) दोन वेळा मध्ये पडतो: फाइल उघडताना आणि लिहून बंद होताना. एकदा तपासलेली स्वच्छ फाइल बदलली नाही, व्हायरस ओळखण्याच्या व्याख्याही नव्या आल्या नाहीत, तर बहुतेक इंजिनं ती पुन्हा तपासत नाहीत. म्हणजे जुन्या, जड फाइली फारशा नडत नाहीत. नडतात त्या दर मिनिटाला जन्मणाऱ्या आणि मरणाऱ्या बारक्या फाइली. फाइल लिहून होताच स्कॅनर ती पकडून बसतो, तेवढ्यात दुसरा प्रोग्रॅम तिचं नाव बदलायला जातो आणि "फाइल वापरात आहे" अशी एरर येते. तीच बिल्ड पुन्हा चालवली की बरोबर होते, म्हणून कारण सापडत नाही.

डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) असेल तर अंदाजाने काही वगळू नका. पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा, न्यू-एमपीपरफॉर्मन्सरेकॉर्डिंग ही कमांड चालवा, संथ होणारं काम करा, एंटर दाबून रेकॉर्डिंग थांबवा. मग गेट-एमपीपरफॉर्मन्सरिपोर्ट वापरून सर्वाधिक वेळ खाणाऱ्या फाइली, प्रोसेस आणि एक्स्टेंशन काढा. पहिल्या दहांत जे येईल तेवढंच वगळायचं. सहसा बिल्डचं आउटपुट फोल्डर, व्हर्च्युअल डिस्कच्या फाइली आणि डेटाबेसच्या डेटा व लॉग फाइली निघतात.

ज्या उत्पादनात रिअल-टाइमसाठी आर्काइव्ह (झिपसारख्या गठ्ठा फाइली) स्कॅनचा वेगळा पर्याय असतो, तिथे मी तोही बंद ठेवेन. झिप उघडली की आतली प्रत्येक फाइल डिस्कवर लिहिली जाते आणि तेव्हा ती तपासली जातेच. एकच काम दोनदा कशाला?

लॉगवाचक
मोजण्याशी सहमत, उपायाशी नाही.

डिफेंडरमध्ये फोल्डर वगळला की तो फक्त रिअल-टाइममधून जात नाही, शेड्यूल्ड (ठरलेल्या वेळी आपोआप होणाऱ्या) आणि हाताने चालवलेल्या स्कॅनमधूनही जातो. तो कोपरा कायमचा अंधारात. आणि बिल्ड फोल्डर म्हणजे नेमकी ती जागा, जिथे इंटरनेटवरून आलेली अनोळखी पॅकेजेस इन्स्टॉल होतानाच स्वतःच्या स्क्रिप्ट चालवतात. सगळ्यात धोक्याच्या खोलीचं कुलूप काढून ठेवायचं आणि बाकी घर बंद करायचं, असा हा प्रकार.

वगळलेल्या जागांची यादी हल्लेखोरांच्याही कामाची असते. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत विंडोजमध्ये साधा युजरसुद्धा ती वाचू शकत असे. नंतर त्यासाठी अ‍ॅडमिन हक्क लागू लागले. अ‍ॅडमिन हक्क हाती आलेलं मालवेअर तर स्वतःच नवी नोंद घालतं. म्हणून टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंगशी छेडछाड रोखणारी सोय) चालू ठेवा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिफेंडरच्या ऑपरेशनल लॉगमधले ५००७ क्रमांकाचे इव्हेंट बघत जा. कॉन्फिगरेशन बदललं की तिथे जुनी आणि नवी सेटिंग नोंदली जाते. आपण न घातलेली नोंद दिसली, तर आधी नेटवर्क तोडा.

आळशी_प्रोसेसर
एवढा खटाटोप कशाला? स्कॅनसाठीची सीपीयूची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणा, विषय संपला.

लॉगवाचक
नाही संपत. ती मर्यादा शेड्यूल्ड स्कॅनसाठी आहे, रिअल-टाइमला ती लागूच होत नाही. बिल्ड होती तशीच रखडेल, फक्त रात्रीचा स्कॅन लांबेल. शिवाय तो आकडा सरासरीचा आहे, कडक छत नाही. मशीन रिकामं असताना चालणाऱ्या स्कॅनला तर मूळ सेटिंगमध्ये तो बंधनकारकही नसतो. आणि कृपा करून कुणी "० म्हणजे सगळ्यात कमी" असं समजून ० टाकू नका. ० चा अर्थ मर्यादाच नाही.

बाइटखोर
लॉगवाचक, फोल्डरबद्दलचा मुद्दा रास्त आहे, पण म्हणूनच प्रोसेस वगळण्याची सोय आहे. कंपायलरची (कोडचं प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची) प्रोसेस वगळली तर तिने उघडलेल्या फाइली फक्त रिअल-टाइममध्ये सुटतात. शेड्यूल्ड स्कॅन त्या बघतो, दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याच फाइली उघडल्या तरी तपासणी होते, आणि कंपायलरची स्वतःची ईएक्सई फाइलही तपासली जाते. अंधारा कोपरा राहत नाही.

लॉगवाचक
दोन अटींवर मान्य.

पूर्ण पाथ (फाइलीचा पूर्ण पत्ता) द्या. नुसतं नाव दिलं तर त्या नावाची कुठलीही ईएक्सई, अगदी टेम्प फोल्डरमधून चाललेलीसुद्धा, सवलत घेऊन जाते.

दुसरी अट जास्त महत्त्वाची: कंपायलर ठीक, इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) कधीही नाही. नोड, पायथन, पॉवरशेल, जावा यांपैकी काही वगळलं, तर त्यांच्यातून चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट वाटेल ते वाचायला-लिहायला मोकळी. तुमच्या मोजणीत पहिल्या दहांत नेमका नोडच येणार, आणि तुमच्या नियमाने तुम्ही तो वगळणार.

बाइटखोर
इंटरप्रिटरचं पटलं. तिथे विंडोज ११ मध्ये डेव्ह ड्राइव्ह हा तिसरा मार्ग आहे. किमान ५० जीबीचा, आरईएफएस (विंडोजची एक फाइल सिस्टम) फॉरमॅटचा वेगळा व्हॉल्यूम करायचा, तो ट्रस्टेड ठेवायचा आणि सोर्स व पॅकेज कॅश तिथे हलवायचे. तिथे डिफेंडर परफॉर्मन्स मोडमध्ये चालतो: फाइल लगेच उघडू देतो, तपासणी मागाहून करतो. रिअल-टाइम चालू असेल तरच हा मोड मिळतो. उशिरा झालेली तपासणी, न झालेल्या तपासणीपेक्षा कधीही बरी.

लॉगवाचक
बरी, पण त्या मधल्या वेळात फाइल चालून गेलेली असू शकते. सोर्स कोडसाठी हरकत नाही. कुणी डाउनलोड फोल्डर तिथे हलवला तर हरकत आहे.

तीन_पातळ्या
आर्काइव्हचा पर्याय बंद ठेवा हा सल्ला डेस्कटॉपपुरताच ठेवा. फाइल सर्व्हर किंवा मेल गेटवेवर (येणारी-जाणारी मेल जिथून जाते त्या यंत्रणेवर) झिप कुणी उघडतच नाही, ती तशीच पुढे जाते. मग "उघडताना तपासली जाईल" हे कुणाच्या भरवशावर?

तिथे खरी गंमत मर्यादांमध्ये असते. क्लॅमएव्ही या मुक्त अँटिव्हायरसच्या आताच्या मूळ सेटिंगमध्ये एका फाइलला १०० एमबी, एका आर्काइव्हमधून तपासल्या जाणाऱ्या एकूण डेटाला ४०० एमबी, आत-आत गुंतलेल्या आर्काइव्हना १७ पातळ्या आणि १०,००० फाइली एवढी मुभा आहे. मर्यादा ओलांडली तर राहिलेला भाग तपासलाच जात नाही आणि अहवालात मात्र "ओके" येतं! अलर्ट-एक्सीड्स-मॅक्स हा पर्याय "येस" केला तरच इशारा मिळतो, आणि तो मूळ सेटिंगमध्ये बंद असतो.

मर्यादाच काढून टाकू, म्हणाल तर झिप बॉम्ब आहेत. ४२.झिप ही प्रसिद्ध फाइल फक्त ४२ केबीची, सगळे थर उलगडले तर सुमारे ४.५ पेटाबाइट. मर्यादा नसेल तर स्कॅनरच कोसळेल. म्हणून आकडे ठेवा आणि इशारा चालू करा. पासवर्ड लावलेली झिप तर कुठलंच इंजिन पासवर्डशिवाय उघडू शकत नाही. गेटवेवर तिला अडवून ठेवण्याचा नियम लागतो, स्कॅनची सेटिंग कामाची नाही.

आणि लिनक्सवर क्लॅमएव्हीचा ऑन-अ‍ॅक्सेस स्कॅन (फाइल उघडली जाताच होणारी तपासणी) लावताना स्कॅनर ज्या युजरखाली चालतो त्याला आधी वगळा. नाहीतर तो स्वतःच उघडलेल्या फाइलींवर स्वतःच धावत राहतो. हे एक वगळणं लॉगवाचकांनाही चालेल.

राखणदार
वाद चांगला आहे, पण निम्म्या लोकांची वगळण्याची नोंद मुळात चालतच नाही. डिफेंडरची सेवा लोकल सिस्टम या विंडोजच्या स्वतःच्या खात्याखाली चालते, त्यामुळे पाथमध्ये %युजरप्रोफाइल% (चालू युजरच्या फोल्डरसाठीचं संक्षिप्त नाव) टाकलं तर ते तुमच्या फोल्डरकडे जात नाही. पूर्ण पाथ लिहा. पाथमधला * एकाच पातळीच्या फोल्डरसाठी चालतो. आणि एक्स्टेंशन वगळू नका: .टीएमपी वगळलं की ते सगळ्या डिस्कवर सुटतं, आणि नाव .टीएमपी असलं तरी आत चालणारा प्रोग्रॅम असू शकतो.

खात्री करायला आयकार ही अँटिव्हायरस तपासायची ठरलेली चाचणी फाइल वापरा. ६८ बाइटची निरुपद्रवी ओळ आहे. ती वगळलेल्या फोल्डरमध्ये थेट टेक्स्ट एडिटरमधून जतन करा. ब्राउझरने उतरवली तर वाटेतच पकडली जाते. एन्कोडिंग एएनएसआय ठेवा, कारण ओळ फाइलीच्या अगदी सुरुवातीला हवी आणि तिच्याआधी बीओएम (एन्कोडिंग सांगणारे अदृश्य बाइट) आला तर चाचणी फसते. फाइल टिकली पाहिजे. मग तीच एक फोल्डर वर जतन करा. तिथे पकडली गेली नाही, तर तुम्ही हवं त्यापेक्षा जास्त वगळून बसला आहात.

आळशी_प्रोसेसर
मग रोज फुल स्कॅन लावला, तर जे वगळलं त्याची भरपाई होईल ना?

लॉगवाचक
प्रोसेस वगळली असेल तर होईल, फोल्डर वगळला असेल तर नाही, वर लिहिलंय. तरी रोज फुल स्कॅन नकोच, रिअल-टाइम चालू असताना रोज क्विक स्कॅन पुरतो. आणि फुल स्कॅनमध्ये यूएसबी ड्राइव्ह व मॅप केलेले नेटवर्क ड्राइव्ह मूळ सेटिंगमध्ये धरलेले नसतात, तेव्हा पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून वेगळा स्कॅन करा.

बाइटखोर
म्हणजे उरला तो व्हर्च्युअल डिस्कचा प्रश्न. ४० जीबीची एकच फाइल, आत पाहुण्या सिस्टमचा स्वतःचा अँटिव्हायरस. ती यजमान मशीनवर वगळायला तुमची काय हरकत?

लॉगवाचक
त्या एका फाइलीच्या पूर्ण पाथला काहीच नाही. अख्ख्या फोल्डरला आहे, कारण त्याच फोल्डरमध्ये लोक आयएसओ (डिस्कच्या प्रतींच्या फाइली) आणि इन्स्टॉलर टाकून ठेवतात.