अकिलीस कासवाला गाठतो, पण झेनोला उत्तर मिळालं का?

उंबरठा :
दक्षिण इटलीतल्या एलिआ या ग्रीक वसाहतीत इ.स.पू. पाचव्या शतकात झेनो हा तत्त्वज्ञ होऊन गेला. गती मानली की कसा पेच पडतो, हे दाखवणारी त्याची कोडी आपल्याला कळतात ती मुख्यतः ॲरिस्टॉटलमुळे. त्यातलं हे गाजलेलं. कासव आणि ग्रीक पुराणातला वीर अकिलीस यांची शर्यत. कासव १०० मीटर पुढे, अकिलीस त्याच्या दहापट वेगाचा. तो १०० मीटर धावतो तोवर कासव १० मीटर पुढे. ते १० कापतो तोवर आणखी १. अंतर घटतं, पण उरतंच. मग तो कासवाला गाठणार कसा?

कॉलेजात एका ओळीत उत्तर मिळालं होतं : भूमिती श्रेढी (प्रत्येक पद आधीच्याच्या ठरावीक पट), बेरीज १११ १/९ मीटर, पुढचं गणित घ्या. ती रुखरुख अजून आहे. बेरीज सांगते तो कासवाला कुठे गाठेल. झेनो विचारतो, ज्या टप्प्यांत शेवटचा टप्पाच नाही ते सगळे सरतात कसे? माझ्या मते गणितानं हा प्रश्न सोडवला नाही, बाजूला ठेवला.

खडूफळा :
साफ असहमत. मी बारावीला गणित शिकवतो, ‘बाजूला ठेवला’ हे वाचून वाईट वाटलं. अनंत पदांची बेरीज म्हणजे नेमकं काय, हे सांगायला माणसांनी शतकं घालवली. कोशी या गणितज्ञानं १८२१ मध्ये सीमेची (लिमिट : बेरीज ज्या संख्येच्या हवी तितकी जवळ जाते ती) कल्पना पायाशी आणली, पुढे गणितज्ञ वायरश्ट्रासनं ती काटेकोर केली. अकिलीस सेकंदाला १० मीटर धावत असेल तर टप्प्यांना १० सेकंद, १ सेकंद, ०.१ सेकंद लागतात. एकूण ११ १/९. बाराव्या सेकंदाला तो पुढे गेलेला आहे. शेवटचा टप्पा नाही, हे खरंच. पण तो असायलाच हवा हा हट्ट कशासाठी?

उंबरठा :
अंतराबरोबर वेळही विभागतो, हे ॲरिस्टॉटलनंच सांगितलं होतं. पण ‘फिजिक्स’ या ग्रंथाच्या आठव्या भागात तोच म्हणतो, हे उत्तर विचारणाऱ्यापुरतं ठीक, वस्तुस्थितीला पुरत नाही. कारण मग वेळेचे अनंत तुकडे कसे सरतात, हा प्रश्न उरतो. म्हणून तो म्हणाला, तुकडे पाडता येतात, पण ते आधीपासून पडलेले नसतात. मला हे श्रेढीपेक्षा जास्त पटतं.

दिवेलागण :
उंबरठा यांच्या बाजूनं. तत्त्वज्ञ जेम्स थॉमसननं १९५४ मध्ये एक दिवा कल्पिला : एक मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, पाव मिनिट चालू, असं पुढे. बेरीज चोख दोन मिनिटं. तेव्हा दिवा चालू की बंद?

खडूफळा :
दोन मिनिटं झाल्या क्षणाबद्दल कोड्यात काही सांगितलेलंच नाही, हे तत्त्वज्ञ बेनासेराफनं १९६२ मध्येच दाखवलंय. दिवा चालू-बंद अशा उड्या मारतो. अकिलीस सलग पुढे सरकतो, म्हणून सीमा त्याची जागा ठरवते.

दिवेलागण :
मान्य, दिव्याचा मुद्दा सोडते. पण ‘सलग सरकतो’ हे तुम्ही धरून चाललात आणि झेनोचं दुसरं कोडं, बाणाचं, नेमकं तिथेच लागतं. प्रत्येक क्षणी बाण आपल्या लांबीएवढ्याच जागेत असतो, मग उडतो केव्हा? क्षणाचा वेग आपण त्या क्षणाच्या आजूबाजूच्या जागांवरून काढतो. त्या एकट्या क्षणात गती दाखवा.

खडूफळा :
एकट्या क्षणात ती नाहीच. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनंही हेच मानलं : वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या जागी असणं, गती म्हणजे एवढंच. मला यात काही कमी वाटत नाही.

उंबरठा :
मला वाटतं. एवढं मान्य केलंत तर बाणाच्या कोड्यातलं अर्धं झेनोला देऊन टाकलंत.