मदत हवी आहे: जैविक हल्ल्यासाठी गावाची तयारी (रावेर तालुका)

केळीपट्टा: ग्रामपंचायतीच्या आपत्ती आराखड्यात पूर, आग, वीज एवढंच आहे. आता जैविक हल्ल्याचं (कोणी मुद्दाम रोगजंतू पसरवले तर) पान जोडायचंय. वस्ती ४,०००. सार्वजनिक विहीर ५ मीटर व्यासाची, उन्हाळ्यात पाणी ४ मीटर. टाकी १ लाख लिटर. संरक्षक सूट परवडणार नाहीत. नेमकं काय लिहू?

तापीकाठ: सूट विसरा भाऊ. हल्ला झालाय हे पहिल्या दिवशी कळतच नाही, दिसतो तो साधा ताप नाहीतर जुलाब. १९८४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा जुलाब लावणारा जंतू मिसळला, ७५१ जण आजारी पडले, आणि तो घातपात असल्याचं उघड व्हायला वर्ष गेलं. म्हणून पहिलं कलम आशाताईंच्या वहीचं: दर आठवड्याला गल्लीवार ताप आणि जुलाब किती. नेहमीचा आकडा माहीत नसेल तर वाढला हे कशावरून म्हणणार? आजारी सगळे एकाच भरीत-पुरीच्या पंगतीतले असतील तर अन्नावर संशय, एकाच पाइपलाइनवरचे असतील तर पाण्यावर. दोन्ही जुळत नसेल, किंवा सोबत जनावरंही मरत असतील, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखाना दोघांना कळवा. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

जलसुरक्षक: पाण्याचा हिशेब. लिटर = ७८५ × व्यास × व्यास × खोली. तुमची विहीर ७८,५०० लिटर. ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. टाकी भरलेली असेल तर ५०० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवा, १० मिनिटं निवळू द्या, वरची निवळीच सोडा. खालचा चुना टाकला की पाणी जड होतं. चूक नेहमी इथेच होते. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून दाखवणारी), तीही टाकीखालच्या नळाला नाही, गावातल्या शेवटच्या नळाला. पिवळा रंग आलाच पाहिजे. तपासलेलं पाणी फेकून द्या. आणि कोणी मुद्दाम काही मिसळल्याचा संशय असेल तर क्लोरीनवर विसंबू नका: व्हॉल्व्ह बंद, दवंडी, टँकर. तोवर भागावं म्हणून घरटी माणशी रोज ४ लिटर, ३ दिवसांचं पाणी. पाच माणसांना ६० लिटर.

सातपुडा: दवंडी गावच्या बोलीत द्या, डोंगरातल्या पाड्यांवर पावरीत. पत्रातून भुकटी आली तर वास घेऊ नका, झाडू नका. पंखा बंद, दार बंद, साबणाने हात धुवा, कपडे प्लास्टिक पिशवीत, ११२. अमेरिकेत २००१ मध्ये अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी घातलेल्या पत्रांनी २२ जण आजारी पडले, ५ दगावले.

तापीकाठ: सुरतही लिहा. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगच्या वेळी (तो हल्ला नव्हता) लाखो लोक शहर सोडून निघाले आणि टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचा साठा संपला. आपल्याकडची निम्मी घरं सुरतेशी जोडलेली, भुसावळ लाइन दारात. परतणाऱ्यांसाठी शाळेच्या खिडक्यावाल्या दोन खोल्या आणि दिवसातून दोनदा ताप मोजणारा माणूस आधीच ठरवा. त्यांना वेशीवरून हाकललं तर ते शेतात लपतात, मग शोधणं अवघड. अँटिबायोटिक घरात साठवू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र १५ दिवसांच्या हव्यात.

केळीपट्टा: मागच्या वर्षीची टीसीएलची उघडी गोणी पडून आहे. चालेल?

जलसुरक्षक: नाही भो. आपल्या उन्हात क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांखाली गेली की पिण्याच्या पाण्याला बाद. नमुना जिल्हा प्रयोगशाळेला पाठवा, नवी तारीख बघून घ्या, सावलीत तोंड बांधून ठेवा.